शीतलकुंजच्या घसरगुंडीवर वाळलेली मिरची

मी एक जुनी घसरगुंडी आहे. मित्रांनो, माणसाला वर चढवण्याची सोय या जिल्ह्यात पुष्कळांनी केली. पण वर चढलेल्या प्रत्येकाला त्याचं पद, वजन आणि खानदान न विचारता चार सेकंदांत सुखरूप जमिनीवर आणायचं काम एकवीस वर्षं कुणी केलं असेल, तर ते मी. माझ्यावर चढलेला एकही जीव आजवर वर राहिलेला नाही.

एक बोकड सोडून. तो शिडीने वर आला, माथ्यावर उभं राहून त्याने शीतलकुंज कॉलनी चारी बाजूंनी पाहून घेतली आणि उतरायला साफ नकार दिला. दोन तास कॉलनीने त्याला पाला दाखवला. शेवटी बागेचा माळी भिला वर चढला आणि त्याला खांद्यावर घेऊन शिडीनेच खाली उतरला. तेव्हा वरच्या वाक्यात ‘जवळजवळ’ हा शब्द घालून घ्यावा.

माझा जन्म नंदुरबारला नवल मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये झाला. नवल मिस्त्री उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. घसरगुंडी त्याने तोवर पाहिलेली नव्हती. कॉलनीचे लोक ऑर्डर द्यायला गेले, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, “माल कितला टन?” माल म्हणजे पोरं, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने थोडा विचार करून पाच टन धरले. म्हणून माझे पाय जाड लोखंडी चॅनेलचे आहेत, पत्रा ट्रॉलीच्या तळाचा आहे, आणि माझा उतार ट्रॉली उलटी करताना जो असतो तोच आहे. पहिल्या दिवशी पहिली तीन मुलं पत्रा संपल्यावरही काही अंतर गेली. मग मिस्त्रीने येऊन माझं टोक थोडं वर वळवून दिलं. बाकी माझ्यात आजपर्यंत दुरुस्ती नाही. मी आले तेव्हा खरखरीत आणि लाल होते. आज माझ्या पत्र्यात आभाळ दिसतं. ही चकाकी कुठल्या पॉलिशची नाही, दोन पिढ्यांच्या चड्ड्यांची आहे.

ज्या बागेत मी उभी आहे, ती कॉलनीच्या मोकळ्या जागेत आहे. कॉलनीचं नाव शीतलकुंज. उन्हाळ्यात इथे पारा चव्वेचाळीसवर जातो, नावाचा त्यावर परिणाम झालेला दिसला नाही. बागेत दोन झोके, चार सिमेंटचे बाक, एक नळ, एक कडुनिंब आणि एक देशी बदामाचं झाड आहे. भोवती फिरायला फरशीचा रस्ता आहे, त्याची एक फेरी मोठ्या माणसाच्या एकशे बारा पावलांची. तसं बघायला यात काही नाही. पण मित्रांनो, मी उंचीवरून पाहिलेलं आहे, म्हणून सांगते. माणूस घरात वेगळा असतो आणि बागेत वेगळा असतो. बागेतला बरा असतो.

सकाळी साडेपाचला साखरेची तक्रार असलेले गृहस्थ फेऱ्या मारतात, आणि दहा फेऱ्या झाल्या की बदामाखाली बसून कुठली जिलेबी चांगली यावर बोलतात. त्यांच्या निष्ठेचं मला नवल वाटतं. साखरपुडा झालेली जोडपी येतात, त्यांच्याबरोबर मुलीची धाकटी बहीण येते, आणि ती बहीण अर्धा तास माझ्या शिडीवर त्या दोघांकडे पाठ करून बसते. इतकी समज मी मोठमोठ्या माणसांत पाहिली नाही. एकदा मोलगीकडचं एक कुटुंब दवाखान्याचं काम आटोपून जीपची वेळ होईपर्यंत बागेत टेकलं होतं. आधी त्यांची लहान मुलगी घसरली, मग मोठी, मग आई, मग वडील. वयाच्या क्रमाने, अगदी रांगेत. जाताना वडिलांनी माझ्या पत्र्याला हात लावून तो कपाळाला लावला. मला रंग देऊन गेलेल्या माणसानेसुद्धा असं केलं नव्हतं.

वाईट दिवसही आले. मोबाइल आला. मुलं बागेत यायची, पण बाकावर बसून मान खाली घालायची. त्या काळात माझ्या माथ्यावर एका पारव्याच्या जोडीने संसार थाटला. मी त्यांना राहू दिलं. कुणीतरी वापरतंय, एवढंच पुरे होतं.

मग दोन वर्षांपूर्वी धनुबाई आल्या.

धनुबाई शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीच्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांची तक्रार, अंगावर नऊवारी लुगडं. मुलगा नवनीत सरकारी नोकरीत, त्याचा बंगला बागेच्या समोरच. शेत वाट्याने देऊन त्या मुलाकडे राहायला आल्या. घरी सून रंजिता आणि सात वर्षांची नात स्वप्नाली. रंजिता कॉलनी समितीची चिटणीस. हुशार बाई. मुलीशी शाळेतलं मराठी बोलायची, सासूशी अहिराणी, आणि समितीत जे बोलायची त्यात ‘सदर’ हा शब्द फार यायचा.

स्वप्नालीला घेऊन धनुबाई रोज संध्याकाळी बागेत येत. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालून वर आणि वरून खाली पाहिलं, आणि विचारलं, “वर चढानं, नि परत खालेच येवानं?”

“हो आजी.”

“मंग चढानं कसाले?”

स्वप्नाली तोवर शिडीवर चढली होती. खरं सांगायचं तर याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. पण मुलगी घसरायला लागली, की धनुबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. लहानपणी त्यांच्या वाट्याला असं काही आलं नसावं. त्या वयात त्या शेतात तण निंदायला जात होत्या.

आता थोडं मिरचीविषयी सांगणं भाग आहे. दिवाळी झाली की नंदुरबारला लाल मिरची येते, आणि होळीपर्यंत गाव तिच्या वासात असतं. गावाबाहेर पथाऱ्या पडतात. पथारी म्हणजे ओल्या मिरचीचं वाळवण, एकरच्या एकर लाल. सुरतकडून गाडीने येणारा पाहुणा स्टेशन यायच्या आधी शिंकायला लागतो. गावातला माणूस शिंकत नाही. त्याला वासच येत नाही. नाकाने चार महिन्यांची रजा घेतलेली असते. पुढे जे झालं, ते या रजेमुळे झालं.

धनुबाईंच्या लेखी विकतचा मसाला म्हणजे घराण्याची नाचक्की. ओली मिरची आणायची, वाळवायची, देठ खुडायचे, वर्षाचा मसाला कुटायचा, हे त्यांनी पन्नास वर्षं केलं होतं. त्यांनी दहा किलो ओली मिरची घरी आणली. रंजिताने पिशवीकडे पाहिलं.

“आई, वाळवशात कोठे? गच्चीवर तं सगळा सोलार शे.”

खरंच होतं. गच्चीवर पॅनेलच पॅनेल. धनुबाई तरी गच्चीवर जाऊन आल्या. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरपी बसवलेली त्यांनी पाहिली. इंजिनिअर लोकांनी ती तशीच का बसवली असतील, याचा त्यांनी कठड्याशी उभं राहून विचार केला. मग त्यांची नजर समोर बागेत गेली. माझंही तोंड दक्षिणेला आहे. माझाही उतार तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या एकट्याच आल्या आणि माझ्या पत्र्यावर तळहात टेकवला. भाकरी टाकायच्या आधी बाई जसा तवा पाहते, तसा.

“हाई तं तवाच शे!” त्या म्हणाल्या. एकवीस वर्षांत माझं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं.

खालच्या टोकाला दोन विटा लावून त्यांनी मिरची पसरली. भिला नळावरून धावत आला.

“माय, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?”

“मिरची वाळाडी ऱ्हायनू. दिसत नही का तुले?”

“हाई पोरेसनं खेळानं शे ना व!”

“पोरे चार वाजता येतस. तवलगून हाई रिकामीच बशेल ऱ्हास ना?”

भिलाला मुद्दा पटला. तोही दुपारी रिकामाच बसलेला असे. तरी त्याने समितीच्या अध्यक्षांना भिऊन विचारलं, “नि शेठले समजनं तं?”

“कोन सांगी? तू?”

भिलाने मान हलवली. कुटलेल्या मसाल्याचा एक डबा त्याच्या नावे ठरला आणि व्यवहार पूर्ण झाला. सुनेला धनुबाईंनी सांगितलं की मिरची जुन्या गावात मंगलाबाईंच्या गच्चीवर वाळते आहे. मंगलाबाई त्यांच्या माहेरच्या. त्यांना या गोष्टीची कल्पना नव्हती.

पंधरा दिवस सगळं छान चाललं. चार वाजायच्या आत धनुबाई मिरची पोत्यात भरत आणि खराट्याने मला वरपासून खालपर्यंत झाडून काढत. अंगण असं झाडलं की स्वच्छ होतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. पण अंगणावर कुणी बसून घसरत नाही.

सुरुवातीला मिरची ओली होती, म्हणून निभावलं. सोळाव्या दिवशी ती कडक झाली. हलवताना फुटायला लागली, बी सांडलं, आणि तिची भुकटी माझ्या पत्र्यावर बसली. चकचकीत पत्र्यावर ती दिसत नव्हती. धनुबाईंनी खराटा मारला, पोतं उचललं आणि त्या घरी गेल्या. त्या दिवशी शाळेत गॅदरिंगची तालीम होती. मुलांना घरी लवकर सोडलं, आणि ती नाचाच्या चड्ड्या आणि फ्रॉक घालून सरळ माझ्याकडे आली. सतरा जण.

मित्रांनो, पहिलं मूल घसरलं तेव्हा काही झालं नाही. मिरची लगेच बोलत नाही. ती आधी सतरा जणांना खाली येऊ देते. मग एकजण मांडी खाजवायला लागला. त्याच हाताने त्याने डोळा चोळला. पाच मिनिटांनी शीतलकुंज कॉलनीतली सतरा मुलं एका नळाखाली बसायचा प्रयत्न करत होती. रडण्याचा आवाज रेल्वे फाटकापर्यंत गेला असं म्हणतात. स्वप्नाली सगळ्यात जास्त वेळा घसरली होती. तिची आई धावत आली आणि तिने तिला पाण्याच्या टाकीत बसवून ठेवलं. रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी मुलं पूर्ववत झाली, आणि आईबाप बिघडले.

कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कारणांची चर्चा झाली. पत्र्याचा गंज. पारव्यांची घाण. डासांचं औषध. एकाने रंगातलं शिसं असं लिहिलं. माझ्यावर रंग उरलेलाच नव्हता, पण ते त्याने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष अमरचंदशेठ पाहणीला आले. शेठजींचा जुना मिरचीचा व्यापार. चाळीस वर्षं मिरचीच्या राशीवर बसलेला माणूस. नुसतं हुंगून मिरची कुठल्या तालुक्याची ते सांगतात, अशी त्यांची ख्याती. त्यांनी माझ्या पत्र्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून हुंगलं आणि निकाल दिला.

“गंज आहे.”

त्यांच्याबरोबर त्यांची नात मुस्कान होती, सुरतेला दिलेली, माहेरपणाला आलेली. ती माझ्यापासून चार हातांवर उभी राहून सहा वेळा शिंकली.

“दादाजी, इथे मिरचीचा वास येतोय.”

सगळे हसले. शेठजीही हसले. “बेटा, नंदुरबारला मिरचीचा वास नाही येणार तर काय अत्तराचा येणार?”

मुस्कानने रुमाल नाकाला लावला आणि ती घरी गेली. अशा रीतीने या प्रकरणातली एकमेव अचूक तपासणी संपली.

रविवारी सकाळी बागेतच सभा भरली. शेठजींची प्लास्टिकची खुर्ची अध्यक्षपदाला शोभेल अशी मध्यभागी ठेवली होती. मध्यभाग म्हणजे माझ्या टोकासमोर. बाकीचे बाकांवर. रंजिताने ठराव वाचला, “सदर घसरगुंडी बालकांच्या आरोग्यास अपायकारक असल्याने ती तात्काळ कापून काढण्यात यावी व सदर जागी ओपन जिम बसवण्यात यावी.” हात वर झाले. विरोधात फक्त स्वप्नाली होती, आणि तिला मत नव्हतं. ती माझ्या शिडीला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

“आई, तिला कापू नका ना. ती मुद्दाम नाही करत.”

“बाळा, तुलाच त्रास झाला ना? बाजूला हो.”

कापायला कोण आलं असेल, मित्रांनो? नवल मिस्त्री. सायकल रिक्षावर गॅसची टाकी घेऊन. केस पिकलेले, चष्मा जाड. त्याने माझ्या पायांचे जोड बोटांनी चाचपले.

“शेठ, हाई तं मन्हंच काम शे!”

“मग कापायला सोपं जाईल,” शेठजी म्हणाले.

“नही ना. मन्हं शे म्हनूनच टाईम लागी.” त्याने कटर हातात घेतला. पण लगेच पेटवला नाही. आधी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

धनुबाई कडुनिंबाखाली उभ्या होत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मला माझ्या उंचीवरून दिसत होतं. मुलं नळाखाली बसली त्याच संध्याकाळी त्यांना सगळं समजलेलं होतं. कुटायच्या दिवसांत ही जळजळ त्यांनी जन्मभर सोसली होती. चार दिवस त्या गप्प होत्या. तोंड उघडलं तर सभेत अब्रू जाणार, ती परवडली असती. पण सुनेशी खोटं बोलल्याचं उघड होणार, आणि सून चिटणीस. ‘गावाकडची सासू’ म्हणून कॉलनीत आयुष्यभर नाव निघणार, ते रंजिताच्याही वाट्याला येणार. आणि इकडे नात शिडी सोडत नव्हती.

मिस्त्रीने काडी ओढली. कटरच्या तोंडाशी निळी ज्योत फुरफुरली.

“थांब रे भाऊ! ती बंद कर.”

सगळ्या माना वळल्या. धनुबाई पदर सावरत मध्ये आल्या.

“हिन्हा काही दोष नही. मी मिरची वाळाडी हिन्हावर. पंधरा दिन. भिलाले बी ईचारू नका, त्याले मी डब्बा कबूल करेल शे.”

भिला कडुनिंबाकडे बघत राहिला.  पहिला आवाज शेठजींचा आला, आणि तो फार बारीक होता.

“मिरची? मावशी, मिरची? मी स्वतः हुंगलं!”

“तुमनं नाक कामवर जास, शेठ. थकी गये व्हई.”

कुणीतरी फस्सकन हसलं. रंजिता हसली नाही. तिच्या हातातला ठरावाचा कागद खाली आला. “आई, तुम्ही तर मंगलाबाईंच्या गच्चीवर...”

“मंगलाबाईना जिना तीन मजलाना शे. मन्हा गुडघा चढतस का तितलं?”

“पण मला सांगायचं होतं!”

“सांगतू तं तू पाकिट आनती.”

 रंजिता खरंच मसाल्याचं पाकीट आणणार होती.

पण सभा म्हणजे सभा. बाकावरून एक गृहस्थ उठले. मिरची असेल, नसेल, पत्रा आता सुरक्षित आहे याची खात्री काय, असं त्यांनी विचारलं. माना डोलल्या. मिस्त्रीच्या हातात कटर होताच.

धनुबाईंनी त्या गृहस्थांकडे पाहिलं. “खात्री देस तुले. स्वप्ना, घरथून तेलनी बाटली आन.”

मिरचीची आग पाण्याने जात नाही, तेलाने जाते, हे इथल्या बायकांना जन्मापासून ठाऊक असतं. धनुबाईंनी निम्मी बाटली माझ्यावर ओतली आणि फडक्याने मला वरपासून टोकापर्यंत असं चोळलं, की बाळंतिणीलासुद्धा कुणी चोळत नसेल. मग भिलाने पाइप धरला आणि वरून पाणी सोडलं. मिरची गेली. तेल पाण्याने जात नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. पण घसरणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा काय अर्थ होतो, हा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मग त्यांनी कासोटा घट्ट केला आणि माझ्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“माय व! आई, खाले उतरा! पडशात!” रंजिता ओरडली. सभेत ती अहिराणी बोललेली सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकली.

“येसच ना खालेच. आठे दुसरीकडे जातच नही कोनी.”

माझ्या नऊ पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर त्या थांबल्या. पाचवीवर गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं, आता परत फिरतील. त्या परत फिरल्या नाहीत. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी त्या बोकडासारखंच चारी बाजूंना पाहिलं. नवनीतच्या गच्चीवरचे सोलार, लांबवर गावाबाहेरच्या लाल पथाऱ्या. मग बसल्या. सत्तर वर्षं ओलांडलेला माणूस पहिल्यांदा घसरगुंडीवर बसतो, तेव्हा पत्र्याला ते कळतं. तो फार हळू बसतो.

“आजी, हात वर! हात वर करायचे!” खालून स्वप्नाली ओरडली.

धनुबाईंनी हात वर केले.

मित्रांनो, मी एकवीस वर्षं माणसं खाली आणते आहे. असं कुणी आलं नव्हतं. नवल मिस्त्रीचा ट्रॉलीचा उतार, निम्मी बाटली तेल आणि ब्राह्मणपुरीच्या धनुबाई. त्या आल्या असं म्हणणंसुद्धा कमी आहे. वळवलेल्या टोकाने आपलं काम केलं नाही, आणि धनुबाई हात वर केलेल्या अवस्थेतच अध्यक्षांच्या खुर्चीवर पोचल्या. शेठजी वेळेत उठले होते. खुर्ची उठली नव्हती. तिचे चारी पाय चारी दिशांना गेले, आणि धनुबाई तिच्या उरलेल्या भागावर, पदरासकट, व्यवस्थित बसलेल्या आढळल्या.

 रंजिता सगळ्यांच्या आधी पोचली आणि सासूच्या दंडाला धरून बसली.

“आई! लागनं का? बोला ना!”

धनुबाईंनी श्वास घेतला. खाली हात नेऊन, सभेची लाज न धरता, आधी खात्री केली. मग खात्री मागणाऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, “देख. कोठे चुरचुरी ऱ्हायनं का? कोठेच नही.”

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं आणि नातीला हळूच म्हणाल्या, “कसाले चढतस, ते समजनं माले.”

आधी स्वप्नाली हसली. मग नवल मिस्त्री हसला, त्याने टाकीची चावी फिरवली आणि ज्योत विझली. मग सगळी सभाच हसायला लागली. रंजिताने हसायचं नाही असं ठरवलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते तिला साधलं नाही. तिने सासूला उठवलं, लुगड्यावरची माती झटकली आणि हळू आवाजात विचारलं, “मिरची कोठे शे आते?”

“तुन्हा पलंगखाले.”

रंजिताने डोळे मिटले. मग ती सभेकडे वळली आणि हातातला ठराव चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. “सदर ठराव,” ती म्हणाली, “वाचायचा राहून गेला असं समजावं.”

 अमरचंदशेठ माझ्यापाशी आले, त्यांनी तेलकट पत्र्यावर पुन्हा एकदा बोट फिरवलं, हुंगलं, आणि बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोवर सुरतेला परतलेल्या मुस्कानला फोन करून माफी मागितली, असं भिलाला कुणीतरी सांगितलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. ख्यातीचं नाक असलेल्या माणसाला ते सोपं नसतं.

मी वाचले. ओपन जिम बदामाच्या पलीकडे बसली आणि मुलं परत आली. माझ्या शिडीला एक पाटी लागली, ‘घसरगुंडीवर मिरची वाळवू नये’. अशी पाटी असलेली बाग दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही, आणि मला तिचा अभिमान आहे. पाटीत कुरडयांचा उल्लेख नाही. उन्हाळ्यात ओपन जिमच्या दांड्यांवर काय काय वाळतं, ते मी पाहते आणि गप्प राहते. मिरचीला आता नवनीतच्या गच्चीवर जागा आहे. रंजिताने दोन पॅनेल सरकवून घेतली.

तर मित्रांनो, तुमच्याही घराजवळ एखादी बाग असेल, तिच्यात माझ्यासारखी एखादी असेल. तिच्याकडे जा. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने तिला पुसा, तेल लावू नका. जाताना घरातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर न्या आणि त्याला नुसतं बाकावर बसवून ठेवू नका. आम्हाला वजनाची भीती नसते. आमच्यातल्या काहींना तर पाच टनांसाठी बनवलेलं असतं.

त्या हिवाळ्यात धनुबाईंनी मसाला कुटला. पहिला डबा भिलाला दिला. नळाखाली बसलेल्या सतरा मुलांच्या घरी एकेक डबा भरपाई म्हणून गेला, रंजिताने स्वतः नेऊन दिला. चार दिवसांत सगळ्या घरांकडून निरोप आले. मसाला छान झाला आहे, फक्त तिखट कमी पडतो.